केस: २० बाय ५०चं घर, सहा पक्षी आणि मामींचा खोकला

घर इंदूरचं, सुदामा नगरातलं. २० बाय ५०चा प्लॉट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, म्हणजे खिडक्या फक्त पुढे आणि मागे, मधे काय तो ओटीएस, म्हणजे हवा-उजेडासाठी वर आभाळापर्यंत मोकळा सोडलेला चौक, त्यात किचनची आणि एका छोट्या खोलीची खिडकी उघडते. आपल्याकडे अशी हजारो घरं आहेत. खाली भाडेकरू, वर माझे मामा-मामी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची पोरगी, जिला सगळे छोटीच म्हणतात. शिवाय सहा पक्षी, दोन कॉकटेल आणि चार बजी, दोन्ही छोट्या पोपटांच्या जाती. कॉकटिएलला दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात म्हणून मीही तेच लिहितोय. हिरवा मिठ्ठू नाही बरं का, तो १९७२च्या वन्यजीव कायद्यात येतो, घरी पाळता येत नाही, तरी अर्ध्या गल्लीत टांगलेला असतो ते सोडा.

मी एसी-व्हेंटिलेशनची कामं घेतो, म्हणून मे महिन्यात मामेभावाचा फोन आला की आईचा खोकला जात नाहीये, एअर प्युरिफायर आणलाय तरी फरक नाही, तू एकदा बघून जा. मामींचं वय ६४. खोकला कोरडा, रात्री जास्त, जिना चढला की दम लागतो. घरात दोन पार्ट्या पडलेल्या. मामा म्हणणार पक्षी काढा, छोटी म्हणणार मग मला पण काढा, आणि वहिनी बिचाऱ्या दोघांच्या मधे. प्युरिफायर हा त्यातला तहाचा मुद्दा होता, अकरा हजार देऊन भांडण मिटवलेलं.

हवेचं काही करायच्या आधी मी एकच विचारलं, छातीच्या डॉक्टरला दाखवलं का? नव्हतं दाखवलं, फॅमिली डॉक्टरचं कफ सिरप चालू होतं. पक्षी असलेल्या घरात कुणाला दोन-तीन आठवड्यांच्या वर खोकला आणि दम असेल तर आधी ते करा, प्युरिफायर नंतर. कारण असं की पक्ष्याच्या पिसांवरची पावडर आणि वाळलेल्या शीटमधली प्रोटीन्स काही लोकांच्या फुफ्फुसाला अजिबात चालत नाहीत, त्यातून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी फुफ्फुसाची सूज, होतो. कबुतरं पाळणाऱ्यांमधे हा आजार १९६०च्या दशकातच ओळखला गेला. जोराचा डोस बसला तर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, आणि माणूस समजतो व्हायरल आहे. पण घरात दोन-चार पक्षी, रोज थोडी थोडी पावडर, अशा ठिकाणी ताप-बिप काही येत नाही, नुसता खोकला आणि दम वाढत जातो आणि आतमधे फुफ्फुस कडक होत जातं. ते कडक झालेलं मग परत मऊ होत नाही.

डॉक्टरांनी मामींना पहिला प्रश्न पक्ष्यांचा विचारला, दुसरा कूलरचा, तिसरा कबुतरांचा. कूलरचा प्रश्न ऐकून मामा हसले म्हणे, पण तो अगदी बरोबर होता. भारतातली आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) रजिस्ट्री २०१७ साली प्रसिद्ध झाली, १९ शहरांतली २७ सेंटर, १०८४ पेशंट, सगळे फुफ्फुसाच्या अशा चिवट आजारांचे. त्यातल्या ४७.३ टक्के लोकांना हाच हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला आणि त्यातल्या ४८.१ टक्के लोकांचा एअर कूलरशी संबंध होता. कूलरच्या ओल्या पॅडवर बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात आणि पंखा ते सगळं सरळ तोंडावर आणून सोडतो. मामींच्या घरी पक्षीही होते, कूलरही होता आणि ओटीएसमधे कबुतरंही होती, म्हणजे तिन्ही प्रश्नांना हो.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी, झाली, छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, झाला, रक्तातल्या पक्ष्यांच्या अँटीबॉडीज झाल्या. एचआरसीटी स्वच्छ निघाला. स्पायरोमेट्रीत श्वासनळ्या आवळलेल्या दिसल्या आणि पंप दिल्यावर त्या मोकळ्या झाल्या, म्हणजे दम्याच्या बाजूचं प्रकरण. रक्तात अँटीबॉडीज थोड्या होत्या, पण पक्षी पाळणाऱ्या कित्येक धडधाकट लोकांमधेही त्या असतात, नुसत्या त्यावरून आजार ठरत नाही. डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि सांगितलं की पक्षी बेडरूमच्या हवेतून बाहेर काढा, तीन महिन्यांनी परत स्पायरोमेट्री, फरक नाही पडला तर पक्षी घरातून जाणार. एचआरसीटीत डाग असते तर मीही या कामात हात घातला नसता. तेव्हा पक्षी दुसऱ्या घरी द्यायचे, आणि ते गेल्यावरसुद्धा घर घासून पुसून घ्यायचं, कारण ही प्रोटीन्स गाद्या-पडद्यांमधे महिनोन्महिने राहतात.

आता घर. मी गेलो तेव्हा दुपारचे तीन, बाहेर ४२ डिग्री, कूलर फुल. पुढच्या हॉलच्या खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँडवर डेझर्ट कूलर आणि त्याच्या बरोब्बर समोर, चार फुटांवर, दोन्ही पिंजरे. का, तर बिचाऱ्यांना उकडतं. कूलरची हवा बाहेर जायला रस्ता लागतोच, नाहीतर घरात नुसती चिकचिक होते, तर तो रस्ता कुठून? मागच्या बेडरूमची खिडकी. मामींची बेडरूम. पलंगाची उशी खिडकीखाली. म्हणजे हवा कूलरमधून निघते, पिंजऱ्यातून जाते, पॅसेजमधून सरळ मागे येते आणि मामींच्या डोक्यावरून बाहेर पडते, आणि बाजूला खिडकीच नाही म्हणून दुसरीकडे कुठे जायची सोयच नाही. डेझर्ट कूलर तासाला तीन-चार हजार घनमीटर हवा ढकलतो. मामींच्या पलंगाशेजारी ठेवलेल्या प्युरिफायरच्या डब्यावर सीएडीआर, म्हणजे तासाला किती हवा साफ करून देतो तो आकडा, लिहिला होता २५० घनमीटर. कूलर चालू असताना तो प्युरिफायर म्हणजे शिप्रेच्या पुरात लावलेली चहाची गाळणी. मशीन खोटं नव्हतं, चुकीच्या कामाला लावलं होतं.

मामेभाऊ म्हणाला, पण आपल्याकडे मीटर आहे ना, मीटर तर चांगलं दाखवतंय. हो, दाखवणारच. ते दोन-तीन हजारवालं लेझर मीटर पीएम २.५ बरं मोजतं, म्हणजे धुरासारखे बारीक कण. पिसांची पावडर आणि शिटेची धूळ बरीचशी त्याहून जाड असते आणि ही स्वस्तातली मीटरं जाड कण नीट पकडत नाहीत, पीएम १० म्हणून जो आकडा दाखवतात तो बहुतेक वेळा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून मी छोटीला कामाला लावलं. शाळेच्या प्रोजेक्टचा काळा चार्ट पेपर घेतला, पोस्टकार्डाएवढे तुकडे केले आणि ठेवले एक पिंजऱ्याच्या मागे, एक हॉलमधे टीव्हीजवळ, एक पॅसेजमधे, एक किचनच्या ओट्यावर, एक मामींच्या उशाशी, एक छोटीच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सगळे उचलून खिडकीपाशी शेजारी शेजारी मांडले. पिंजऱ्याच्या मागचा, म्हणजे कूलरच्या बाजूचा, जवळजवळ काळाच. पॅसेजमधला पांढुरका. मामींच्या उशाशी ठेवलेल्यावर बोट फिरवलं तर स्वच्छ काळी रेघ उठली, कडेला पांढरी भुकटी, बोटाला टाल्कम लागल्यासारखी गुळगुळीत, मधे एक दोन मिलीमीटरचं पिवळट पीस. पिंजऱ्यापासून पस्तीस फूट लांब. छोटीने तो कागद बघितला आणि तिथपासून ती आमच्या पार्टीत आली, तोपर्यंत तिला वाटत होतं आजोबा उगाच बोलतात.

ही पावडर कॉकटेलची, बजींची कमी. कॉकटेल, काकाकुआ आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर एक खास जातीची पिसं असतात, ती आपोआप झिजून भुकटी होते, पक्षी ती चोचीने अंगभर पसरवतो, त्याने पिसं कोरडी राहतात. म्हणजे तो आजारी नाही, घाणेरडाही नाही, ही त्याची रोजची पावडर आहे आणि मरेपर्यंत निघणार. पिसं झडायच्या दिवसांत अजून जास्त. त्यामुळे पावडर बंद करू वगैरे कुणी सांगत असेल तर सोडून द्या. फक्त ती जिथे पडते तिथेच पकडायची आणि माणसाच्या नाकाच्या उलट्या दिशेला न्यायची.

मीटर मात्र मी फेकून नाही दिलं, धुरासाठी ते उपयोगी पडलं आणि घरातल्या मंडळींची थोडी गंमतही झाली. सकाळी साडेसातला पूजा, अगरबत्ती, वर धूपकांडी, हॉलमधेच देव्हारा, पंधरा मिनिटांत आकडा अडीचशेच्या वर. साडेअकराला वरणाची फोडणी, लाल मिरची, परत तीनशे, आणि किचनची चिमणी लावलेली आहे पण बिनपाइपची, म्हणजे तेल अडवते आणि बाकी सगळं परत किचनमधेच सोडते. संध्याकाळी डास, मच्छर कॉईल. आपलं सरकारी मानक पीएम २.५ साठी दिवसभराचं सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओचं २०२१ पासून १५. कॉईलबद्दल २००३ साली एक अभ्यास आला होता, एक कॉईल जळताना जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे. हे वाचून दाखवल्यावर मामा, जे सकाळपासून पक्ष्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ते जरा गप्प झाले, कारण कॉईल त्यांच्याच खोलीत त्यांनीच लावलेली असायची. शहर सफाईत देशात पहिलं येतं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच, पण घरातली हवा नगरनिगमची गाडी येऊन उचलत नाही.

हा धूर मामींसाठी वाईट आणि पक्ष्यांसाठी त्याहून वाईट. पक्ष्याचं फुफ्फुस आपल्यासारखं भात्यागत फुगत-मिटत नाही, त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि श्वास घेताना काय नि सोडताना काय, फुफ्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडायला ऑक्सिजन भरपूर लागतो म्हणून ही सोय, पण मग विषसुद्धा तितक्याच सोयीने आत जातं. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत कॅनरी याचसाठी न्यायचे, माणसाआधी तिला कार्बन मोनॉक्साइड लागायचा, आणि ही पद्धत तिथे १९८६ पर्यंत चालू होती. वहिनींना हे सांगितलं आणि लगेच दुसरं विचारलं, नॉनस्टिक तवा आहे का. होता, डोशाचा. रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला तर काही मिनिटांत २६० डिग्रीच्या वर जातो, टेफ्लॉनच्या कोटिंगमधून विषारी वाफ सुटायला लागते, आणि त्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी पाच-दहा मिनिटांत पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला असतो, वाचत नाही. आपल्याला धूर दिसतोच असं नाही, वासही येतोच असं नाही. एअर फ्रायर, इस्त्रीचा तळ, काही रूम हीटर, त्यांच्यातही हे कोटिंग असू शकतं. वहिनींनी तवा त्याच दिवशी कामवाल्या मावशींना द्यायला काढला, मग मीच म्हटलं मावशींकडे पक्षी नाहीत ना ते आधी विचारा. बिडाचा तवा माळ्यावर होता, तो खाली आला.

मुख्य काम पिंजऱ्याच्या जागेचं. सगळ्यांनी आधी गॅलरी सुचवली, आणि नेटवरही सगळे हेच सांगतात, पक्षी बाहेर ठेवा. पुढची गॅलरी पश्चिमेची. मेमधे तिथे दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, आणि इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो नि वारा असतो. शिवाय मांजरं. सप्टेंबर-ऑक्टोबरला ठीक आहे, बारा महिन्यांचा इलाज नाही. मागची बेडरूम प्रश्नच नाही. राहिली ओटीएसच्या बाजूची ८ बाय १०ची खोली, जिच्यात गहू, जुने पंखे, मामेभावाच्या कॉलेजच्या फायली आणि कुणी कधी न वापरलेली एक्सरसाइजची सायकल होती. ती रिकामी करायला मामा तयार होईनात, सायकलवर त्यांचा जीव. दोन रविवार गेले त्यात.

त्या खोलीत पक्षी ठेवून दार लावलं तर काही उपयोग नाही, दाराच्या फटीतून पावडर येतच राहते, उलट कोंडून अजून वाढते. त्या खोलीतली हवा सतत बाहेर खेचायची, म्हणजे खोलीत किंचित कमी दाब राहतो आणि फटीतून घरातली हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटची खोली अशीच करतात. त्यासाठी सहा इंची एक्झॉस्ट फॅन, दीड-दोन हजाराचा. खोली ८०० घनफूट, म्हणजे साधारण साडेबावीस घनमीटर. फॅनवर लिहिलेलं असतं तासाला दोनशे घनमीटर, पाइप जोडला की अर्धं धरा, तरी तासाला चार वेळा खोलीची हवा बदलते, सहा छोट्या पक्ष्यांना पुष्कळ झालं.

पाइप का, तर ओटीएसमधे खाली भाडेकरूंच्या किचनची खिडकी. तसाच फॅन लावला असता तर आपली पावडर त्यांच्या कणकेत. म्हणून पीव्हीसीचा सहा इंची पाइप ओटीएसमधून सरळ वर, गच्चीच्या कठड्याच्या वर काढला, वर टोपी आणि जाळी. ओटीएसला वरून नायलॉनची जाळी पण तेव्हाच मारली, कारण खाली पाण्याच्या पाइपांवर कबुतरांनी घरं केली होती आणि पक्ष्यांची खोली सुधारून वर ओटीएसमधून कबुतरांच्या शिटेची धूळ किचनमधे घ्यायची याला काही अर्थ नाही. जुनी शीट काढणाऱ्याला एन-९५ मास्क दिला आणि आधी पाणी मारून सगळं भिजवायला सांगितलं, कोरडी खरवडायची नाही.

फॅन लागल्यावर चेक कसं करायचं? आमच्या धंद्यात बरेच जण अगरबत्ती फिरवून धूर कुठे जातो ते बघतात, पण इथे ते नको. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी घेतली आणि बंद दाराच्या खालच्या फटीपाशी धरली. आधी नुसती लटकली, कारण फट इतकी कमी की हवा यायला जागाच नाही. सुताराला बोलावून दार खालून पाऊण इंच कापलं. परत पट्टी धरली तर टोक आत वळलं आणि फटीत ओढून राहिलं. छोटीने तो प्रयोग इतक्या वेळा केला की टिश्यूचा अर्धा डबा संपला. पण तेच टेस्टिंग आहे, दर महिन्याला करायचं, पट्टी आत ओढली गेली नाही तर समजायचं फॅनवर पिसं बसलीत किंवा वरची जाळी चोंदलीये.

कूलर राहिला. कूलर मी काढायला नाही लावला, उलट एवढी बाहेरची हवा घरात आणणारं दुसरं स्वस्त काही नाही, फक्त रांग बदलायची होती. आता कूलरची हवा आधी हॉल, मग पॅसेज, मग थोडी मामींच्या खिडकीतून आणि थोडी पक्ष्यांच्या खोलीतून बाहेर. पक्षी शेवटी. त्यांनाही गार हवा मिळतेच, माणसांनी वापरून झाल्यावर. कूलरचे जुने वुडवूलचे पॅड फेकून नवीन लावले, ते उचलले तेव्हा खालच्या बाजूला काळी-हिरवी बुरशी आणि तळ्याचा वास, मामा म्हणाले आत्ता दोन वर्षं तर झालीत. दर सीझनला पॅड बदलायचे, टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, आणि बंद करायच्या आधी पंप थांबवून नुसता पंखा चालवून पॅड वाळवायचे.

रोजची सफाई हा वहिनींचा आणि माझा वादाचा विषय झाला. त्या रोज सकाळी फूलझाडूने पिंजऱ्याखाली झाडायच्या, वर फुल स्पीडवर सीलिंग फॅन. मी म्हटलं, वहिनी, यापेक्षा नाही झाडलेलं बरं. त्या म्हणाल्या, भावजी, टरफलं तुम्ही वेचता का मग? मुद्दा बरोबर होता, राळे आणि बाजरीची टरफलं ओल्या फडक्याने निघत नाहीत, चिकटून बसतात. मग असं ठरलं की पिंजऱ्याला खालून वीतभर उंचीपर्यंत पारदर्शक शीट बांधायची म्हणजे टरफलं बाहेर उडतच नाहीत, ट्रेमधे वर्तमानपत्राचे आठ-दहा थर एकावर एक, रोज वरचा थर स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याने ओला करायचा आणि आतल्या आत गुंडाळून टाकायचा, मग फरशी ओल्या पोछ्याने. त्यावेळी पंखा बंद, एक्झॉस्ट चालू, तोंडाला मास्क, आणि मामींनी त्या खोलीत जायचं नाही, दाणे घालायलासुद्धा नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनर असेल आणि त्याला हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, फिल्टर नसेल तर तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो, त्यापेक्षा पोछा बरा. फिनाइल नको, गरम पाणी आणि पांढरं व्हिनेगर पुरतं. ब्लीच शिटेवर टाकू नका, ओल्या शिटेत अमोनिया तयार होतो आणि ब्लीचबरोबर त्याचा घातक गॅस बनतो.

आणि कॉकटेलना अंघोळ, रोज किंवा एक दिवस आड, सकाळी, कोमट पाण्याचा बारीक फवारा, वरून पावसासारखा, तोंडावर नाही. याने पावडरीत जो फरक पडतो तो बघून मीच चकित झालो, काळा कागद पहिल्यापेक्षा निम्मा पण पांढरा होत नव्हता. उन्हाळ्यात इंदूरची हवा कोरडी ठाक असते तेव्हा तर पक्ष्यांनाही ते हवंच असतं, एक कॉकटेल पंख पसरून उलटा लटकतो.

पावसाळ्याने सगळं बिघडवायचा प्रयत्न केला. कूलर बंद, बाहेर ऐंशी-नव्वद टक्के दमट, ट्रेला वास यायला लागला आणि राळ्याच्या डब्यात जाळी धरली. बुरशी लागलेले दाणे माणसापेक्षा पक्ष्याला जास्त भोवतात, अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी त्यांच्या हवेच्या पिशव्यांत वाढते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हा दाणे आठ दिवसांपुरतेच बाहेर, बाकी फ्रिजमधे, पेपर दिवसातून दोनदा. डासांसाठी कॉईल आणि लिक्विडची मशीन दोन्ही बंद, खिडक्यांना जाळी आणि मामा-मामींना मच्छरदाणी. मामांनी चार दिवस तोंड वाकडं केलं, मग झोप लागायला लागली. देव्हाऱ्यात तुपाचं निरांजन चालू आहे, अगरबत्ती गच्चीतल्या तुळशीपाशी.

याच दिवसांत एक बजी सुस्त झाला, पिसं फुलवून बसला, शीट हिरवी पातळ. त्याला वेगळं ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की कुणाला ताप-न्यूमोनियासारखं झालं तर डॉक्टरला आपणहून सांगायचं घरात पक्षी आहेत, कारण सिटॅकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार पक्ष्यांच्या वाळलेल्या शिटेतून माणसाला होतो, डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण डॉक्टरला सुचायला तर हवं. बजीला तसलं काही नव्हतं, आठवड्यात नीट झाला.

प्युरिफायर आता पक्ष्यांच्याच खोलीत असतो, पावडर जिथे निघते तिथे. हेपा फिल्टर खरा असेल तर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पिसांची पावडर त्याच्या हातचा मळ आहे, पण पुढची जाळी पिसांनी इतकी लवकर भरते की दर रविवारी धुवावी लागते, नाहीतर मशीन नुसतं घुमतं. त्यावर आयनायझरचं बटण होतं, ते बंद करून वर टेप लावला, असल्या फीचरमधून थोडाफार ओझोन निघतो आणि ओझोन या दोघांनाही, मामींना आणि पक्ष्यांना, नको. विकणाऱ्याने तेच बटण सगळ्यात मोठं फीचर म्हणून सांगितलं होतं.

दिवाळीच्या दोन रात्री गणित उलटं केलं. बाहेर फटाक्यांचा धूर, एक्झॉस्ट चालू ठेवला तर घर तो धूर पुढच्या फटींमधून आत खेचतं, म्हणून संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंत एक्झॉस्ट बंद, पक्ष्यांचं दार बंद आणि खालच्या फटीला ओला टॉवेल, प्युरिफायर फुलवर. सकाळी परत सुरू. रंगपंचमीला आपल्याकडे गेर, म्हणजे रंग-गुलालाची मिरवणूक, निघते तेव्हाही हेच करायचं ठरलंय, गुलाल काही राजवाड्यापुरता राहत नाही.

थंडीत एक्झॉस्टला रेग्युलेटर लावून अर्ध्या स्पीडवर, पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर, हीटर नाही. शेगडी पेटवून खोलीत ठेवायची कल्पना खालच्या भाडेकरूंनी सुचवली, तिला मी एका वाक्यात मोडता घातला, कॅनरीची गोष्ट परत सांगून. मामींच्या खोलीत थंडीमुळे दारं-खिडक्या गच्च बंद, कार्बन डायऑक्साइडचं मीटर पहाटे अठराशे पीपीएम दाखवत होतं, बाहेर सव्वाचारशेच्या आसपास असतो. त्यांच्या खिडकीच्या वरची झडप चार बोटं उघडी ठेवली, बास.

तीन महिन्यांनंतरच्या स्पायरोमेट्रीत सुधारणा होती, रात्रीचा खोकला जवळजवळ गेला, जिन्यात मधे थांबणं बंद झालं. यात इनहेलर किती, कूलरचे पॅड किती, कॉईल किती आणि पिंजरा हलवल्याचा किती वाटा, हे वेगळं काढता येत नाही, सगळं एकाच महिन्यात बदललंय. मामा सगळं श्रेय इनहेलरला देतात, छोटी टिश्यूच्या पट्टीला. डॉक्टरांनी पक्ष्यांना आणखी सहा महिन्यांची मुदत दिलीये आणि वर्षाने एकदा एचआरसीटी परत बघू म्हणालेत. मधे दम वाढला तर मुदत तिथेच संपेल, हे छोटीला स्पष्ट सांगितलंय, तिने मान्य केलंय. दोन बजी तिच्या मैत्रिणीकडे गेले, त्यामुळे आता चारच आहेत.

खर्च फॅन, पाइप, सुतार, दोन्हीकडची जाळी आणि कूलरचे पॅड मिळून प्युरिफायरच्या किमतीपेक्षा कमीच आला. राहिलेलं काम किचनच्या चिमणीचं आहे, तिला पाइप लावून तोही गच्चीवर काढायचा, पण पक्ष्यांच्या पाइपपासून लांब, नाहीतर एकाची हवा दुसऱ्यात. मामेभाऊ म्हणतो मार्चमधे करू, कूलर बसवायच्या आधी.